जुन्या स्पीकरची पत्रिका: अ‍ॅम्प्लिफायरशी जुळवायचे तीन गुण

जर्मनीतल्या कुठल्याही गावच्या फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजारात, चक्कर मारा. पुस्तकं, कपबशा आणि लहान मुलांच्या सायकली यांच्यामध्ये लाकडी पेटीतल्या स्पीकरची एखादी जोडी हमखास दिसते. नावं ठरलेली: ग्रुंडिग, साबा, ब्राउन, हेको, कांटोन. दुसरीकडे दुकानांत त्याच रूपाचे कोरे करकरीत स्पीकर आहेत. जेबीएलने १९७०च्या एल-१००चा नवा अवतार २०१८मध्ये आणला, तर व्हार्फडेलने आपलं जुनं 'लिंटन' २०१९मध्ये पुन्हा बाजारात उतरवलं.

दोन्हीकडे ग्राहकाचा पहिला प्रश्न एकच: "किती वॅटचा आहे?" उत्तर मिळूनही फारसं काही कळत नाही. पुलावर 'कमाल भार १० टन' अशी पाटी असली, म्हणून त्यावरून १० टनांचीच गाडी न्यायला हवी असं नाही. स्पीकरवरचे वॅट ही तशीच पाटी आहे. तो किती सोसेल हे त्यातून कळतं, किती मोठ्याने वाजेल हे नाही. पत्रिका जुळवायचीच असेल, तर वेगळे तीन गुण बघा.

गुण पहिला: संवेदनशीलता

स्पीकरला १ वॅट दिला, तर १ मीटरवर किती डेसिबेल आवाज मिळतो, हा तो आकडा. डेसिबेलचं गणित गुणाकाराचं आहे: ३ डेसिबेल वाढवायचे तर शक्ती दुप्पट लागते आणि १० वाढवायचे तर दहापट.

आता तुमच्या दिवाणखान्यात बसून हिशेब करू. ८३ डेसिबेलचे दोन स्पीकर आहेत आणि तुम्ही ३ मीटरवर बसला आहात. अंतरामुळे अंदाजे ६ डेसिबेल जातात, दुसऱ्या स्पीकरमुळे ३ परत येतात. म्हणजे प्रत्येकी १ वॅटला तुमच्या कानाशी ८० डेसिबेल. फ्लॅटमध्ये, शेजाऱ्याने दार वाजवू नये अशा बेताने, सरासरी ७५ डेसिबेल पुरेत. त्यासाठी वॅटचा तिसरा हिस्साच लागतो! पण तबल्याची एखादी थाप सरासरीपेक्षा २० डेसिबेल वर उसळू शकते. तेवढ्या क्षणापुरती शंभरपट शक्ती हवी, म्हणजे साधारण ३२ वॅट.

हेच ९० डेसिबेलच्या स्पीकरला ६ वॅटच्या थोड्या वर भागतं. अमेरिकेतल्या १९४६च्या क्लिप्शहॉर्नसारख्या, साधारण १०५ डेसिबेलच्या कर्ण्याला तर पाव वॅटही खूप झाला. म्हणूनच १९६०च्या दशकात 'हाय-फाय' कशाला म्हणायचं हे ठरवणारं डीआयएन ४५५०० हे जर्मन मानक आलं, तेव्हा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरकडून त्याची किमान मागणी दर चॅनेलला ६ वॅट एवढीच होती.

गुण दुसरा: ओहम

जुने जर्मन स्पीकर बहुधा ४ ओहमचे असतात. ब्रिटिश आणि अमेरिकी स्पीकरमध्ये ८ ओहम जास्त दिसतात. बीबीसीने सत्तरच्या दशकात आपल्या प्रक्षेपण-गाड्यांसाठी बनवलेला छोटा एलएस३/५ए आधी १५ आणि नंतर ११ ओहमचा होता. पण हा आकडा नाममात्र आहे. खरा इम्पीडन्स प्रत्येक स्वराला बदलतो. नियमाप्रमाणे तो नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ४ ओहमचा स्पीकर ३.२ पर्यंत उतरू शकतो.

इथे दोन ठिकाणी सावध राहा. एक, आजकाल संवेदनशीलता १ वॅटऐवजी २.८३ व्होल्टला मोजतात. ८ ओहमला ते १ वॅट होतात, पण ४ ओहमला २ वॅट. त्यामुळे ४ ओहमचा स्पीकर कागदावर फुकटात ३ डेसिबेल वरचढ दिसतो. दोन, अ‍ॅम्प्लिफायरवरच्या ए आणि बी अशा दोन्ही जागी ४ ओहमच्या जोड्या लावून एकदम वाजवल्या, तर बहुतेक अ‍ॅम्प्लिफायरना २ ओहमचा भार दिसतो. तो तापतो, आणि कधीकधी कायमचा गप्प होतो.

गुण तिसरा: अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा रोध

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज 'उबदार' असतो, असं तुम्ही ऐकलं असेल. त्यातला बराचसा भाग ओहमच्या नियमात सापडतो. समजा, अ‍ॅम्प्लिफायरचा आतला रोध २ ओहम आहे आणि स्पीकरचा इम्पीडन्स ३.२ ते २० ओहम असा हलतो. ३.२ ओहमच्या जागी स्पीकरला ६२ टक्के व्होल्टेज मिळतं, २० ओहमच्या जागी ९१ टक्के. फरक जवळजवळ साडेतीन डेसिबेल, आणि तो सहज ऐकू येतो. इम्पीडन्सचा उंचवटा बहुधा खर्जात असतो, त्यामुळे डग्ग्याचा घुमारा फुगतो. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरचा रोध ०.०५ ओहम धरला, तर हाच फरक ०.१ डेसिबेलवर येतो. फुगलेला डग्गा आवडणं हा रुचीचा प्रश्न आहे, पण तो ध्वनिमुद्रणात नव्हता हे माहीत असलेलं बरं. व्हॉल्व्हच घ्यायचा असेल, तर संवेदनशील आणि इम्पीडन्स फारसा न हलणारा स्पीकर शोधा.

मग जुना घ्यावा की नवा?

नव्यात हे आकडे छापील मिळतात. जुन्यात वय मोजावं लागतं. पडद्याभोवतीची फोमची कडा काही वर्षांत भुसभुशीत होते. ती नवी बसवता येते. रबराची कडा जास्त टिकते. क्रॉसओव्हरमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आपली किंमत बदलतात आणि त्याबरोबर उंच स्वरांचा तोलही बदलतो. तेही बदलता येतात.

तेव्हा बाजारात जाताना खिशात मल्टीमीटर आणि १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल ठेवा. मीटरवर ४ ओहमचा स्पीकर साधारण ३ ते साडेतीन ओहम दाखवतो. सेल क्षणभर टेकवला की मोठा पडदा हलून 'टक्' आवाज आला पाहिजे. जुन्या जर्मन प्लगमध्ये गोल पिन धन आणि चपटी ऋण असते. ट्वीटरची खात्री मात्र गाणं वाजवूनच होते, तेव्हा विकणाऱ्याला विजेची जोडणी कुठे आहे ते विचारा. किती वॅट, हे नंतर विचारलं तरी चालेल.