तान्ह्या मुलांतील लोहाची उणीव आणि शेतकऱ्याचे घर

चुनखडीच्या जमिनीत भुईमूग किंवा ऊस असला म्हणजे पुष्कळदा कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, हे आपल्या बहुतेक वाचकांनी पाहिले असेल. त्या जमिनीत लोह नसते असे नव्हे. दख्खनच्या काळ्या कातळापासून झालेल्या मातीत लोहाला तोटा नाही. परंतु चुन्याच्या योगाने ते मुळांना शोषून घेता येईल अशा स्थितीत राहत नाही, आणि भरल्या कोठाराशी उपाशी बसावे तशी पिकाची गत होते. अशा वेळी जाणता शेतकरी १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस विरघळवून फवारतो. आणि पाने अगदी पांढरी पडेपर्यंत तो वाट पाहत बसत नाही.

हाच प्रकार आपल्या घरातील तान्ह्या मुलांच्या बाबतीत घडत असतो. मात्र तेथे आपली दृष्टी इतकी तीक्ष्ण नसते. घरात धान्य आहे, दावणीला गाय आहे, मूल अंगाने गुटगुटीत दिसते, आणि तरीही त्याच्या रक्तात लोह पुरेसे नाही, ही स्थिती आज अपवादाची राहिलेली नाही. तिची कारणे कोणती व ती टाळण्यास शेतकरी कुटुंबास काय करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

रोगाचा प्रसार

सन २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिने वयाच्या मुलांपैकी शेकडा ६८.९ मुलांच्या रक्तातील रक्तरंजक द्रव्य, म्हणजे हिमोग्लोबिन, ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी आढळले. सन २०१५-१६ च्या पाहणीत हेच प्रमाण शेकडा ५३.८ होते. त्याच पाचव्या पाहणीत राज्यातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४.२ स्त्रिया पांडुरोगी आढळल्या.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. या पाहणीत बोटाच्या टोकाचे रक्त तपासतात. शिरेतून रक्त घेऊन सन २०१६ ते २०१८ मध्ये जी राष्ट्रीय पोषण पाहणी झाली, तीत देशातील १ ते ४ वर्षांच्या मुलांत पांडुरोगाचे प्रमाण शेकडा सुमारे ४१ व लोहाच्या उणिवेचे प्रमाण शेकडा सुमारे ३२ भरले. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. सगळाच पांडुरोग लोहाच्या अभावी होतो असे नाही. वारंवारचे आजार, इतर जीवनसत्त्वांची उणीव व रक्ताचे आनुवंशिक दोष हीही कारणे असतात. परंतु सावधपणे मोजले तरी देशातील जवळजवळ दर तिसऱ्या बालकास लोह कमी पडते, हेही तितकेच खरे.

हानीचे स्वरूप

लोह कमी पडू लागले म्हणजे प्रथम शरीरातील साठा संपतो, मागाहून रक्त पातळ होते, आणि सर्वांच्या शेवटी ओठ, जीभ व तळहात फिके दिसू लागतात. म्हणजे फिकेपणा ही रोगाची सुरुवात नसून बरीच मजल मारून झाल्याची खूण आहे. पहिली दोन वर्षे मेंदूची वाढ अत्यंत झपाट्याने होत असते आणि तिला लोह लागते. कोस्टा रिका देशात डॉ. बेट्सी लोझॉफ व त्यांचे सहकारी यांनी बालवयात लोहाची तीव्र उणीव झालेल्या मुलांचा मागोवा घेतला. औषधाने त्या मुलांचे रक्त भरून आले होते; तरीही पाचव्या वर्षी घेतलेल्या चाचण्यांत ती इतर मुलांच्या मागे पडली. हे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले, आणि पुढे तीच मुले तरुण झाली तेव्हाही हे अंतर पुरते भरून निघाले नव्हते.

पेरणीचा वाफसा निघून गेल्यावर कितीही खत घातले तरी गेलेले दिवस परत येत नाहीत, हे शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको. या रोगात उपचारापेक्षा प्रतिबंधाचे महत्त्व अधिक ते याचसाठी.

बाळाच्या लोहाचा जमाखर्च

बी रुजते तेव्हा त्याचे पहिले काही दिवस बीजदलातील साठ्यावर जातात. साठा संपण्यापूर्वी मुळे जमिनीत गेली तर रोप तगते. बाळाचेही तसेच आहे. पूर्ण दिवसांचे बाळ वजनाच्या दर किलोमागे सुमारे ७५ मिलिग्रॅम लोह घेऊन जन्मास येते. तीन किलोच्या बाळाची ही शिदोरी सुमारे २२५ मिलिग्रॅमची होते. दोन किलोच्या बाळाची मात्र १५० च्या आसपासच राहते. निरोगी व पुरेशा वजनाच्या बाळास ती साधारणपणे सहा महिने पुरते. आईच्या दुधात लोह थोडे, लिटरमागे सुमारे ०.३ मिलिग्रॅम असते. परंतु त्याचा जवळजवळ अर्धा भाग बाळाच्या अंगी लागतो. म्हणून पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, हा नियम योग्यच आहे.

अडचण पुढे येते. सहा ते बारा महिन्यांच्या बाळाच्या शरीरात दररोज सुमारे ०.७ मिलिग्रॅम लोह प्रत्यक्ष शोषले जावे लागते. आता जमेची बाजू पाहू. दिवसभरात ६०० मिलिलिटर आईचे दूध पोटात गेले तर त्यातून सुमारे ०.१ मिलिग्रॅम लोह अंगी लागेल. जोडीला ३० ग्रॅम बाजरीचे पीठ खाल्ले असे धरले, तर साधारण संकरित बाजरीत किलोमागे ४५ ते ५० मिलिग्रॅम लोह असते, तेव्हा त्यात सुमारे दीड मिलिग्रॅम लोह आले. परंतु धान्यातील फायटिक आम्ल हे शेतातील चुन्यासारखे वागते. लोहास बांधून ठेवते. धान्य-कडधान्याच्या आहारातील लोहाचे शंभरांपैकी पाच ते दहा भागच अंगी लागतात. म्हणजे त्या दीड मिलिग्रॅमातून फार तर ०.१५ हाती आले. गरज ०.७ ची, जमा ०.२५ ची. बाकीची तूट साठ्यातून भरावी, तर साठा सहाव्या महिन्यास संपलेला. धान्याच्या कणग्या भरलेल्या घरातही बाळास लोह का कमी पडते, त्याचे उत्तर या साध्या हिशोबात आहे.

दुभत्या घरातील धोका

ज्या घरी गाय किंवा म्हैस आहे त्या घरी बाळास आईच्या दुधाऐवजी भरपूर वरचे दूध पाजण्याची प्रवृत्ती असते, आणि ती प्रेमापोटीच असते. परंतु गाईच्या दुधात लोह अत्यल्प असून जे आहे तेही नीट शोषले जात नाही. त्यातील कॅल्शियम इतर अन्नातील लोहाच्या आड येते. वर्षाच्या आतील काही बालकांच्या आतड्यांतून या दुधाने डोळ्यांस न दिसणारा सूक्ष्म रक्तस्रावही होतो. शिवाय दुधाने पोट भरलेले मूल घास घेत नाही. असे मूल वजनाने चांगले पण रक्ताने दरिद्री राहते. यास्तव वर्ष पूर्ण होईपर्यंत आईचे दूध चालू असता वरचे दूध हे बाळाचे मुख्य अन्न होऊ देऊ नये. दुसरी घातक चाल चहाची. चहात बुडविलेले बिस्कीट हा पुष्कळ घरी बाळाचा पहिला खाऊ असतो. चहातील तुरट द्रव्य लोहास अडविते, आणि बिस्किटाने भूक मात्र मरते.

प्रतिबंधाचे उपाय

१. गरोदर स्त्रीची काळजी. बाळाची शिदोरी आईच्या रक्तातून बांधली जाते. चौथ्या महिन्यापासून दररोज एक याप्रमाणे लोह व फॉलिक आम्लाच्या किमान १८० गोळ्या, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस, अशी सरकारी योजना आहे. त्या गोळ्या सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात. त्या घरी आणून फळीवर ठेवण्यासाठी नसतात. हळिवाचे लाडू बाळंतिणीने अवश्य खावेत. तिची झीज भरून येण्यास त्यांची मदत होते. परंतु त्यांनी दुधातील लोह फारसे वाढत नाही, हे विसरू नये.

२. नाळ कापण्याची घाई नको. जन्मानंतर काही वेळ वारेतील रक्त नाळेतून बाळाकडे जात असते. एक ते तीन मिनिटे थांबल्यास सुमारे ८० ते १०० मिलिलिटर रक्त बाळास अधिक मिळते, आणि त्यासोबत लोहही. काठमांडू येथे ५४० बालकांवर झालेला एक प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. एका मिनिटाच्या आत नाळ बांधलेल्यांपैकी शेकडा ८२ बालके आठव्या महिन्यास पांडुरोगी आढळली. तीन मिनिटे थांबलेल्यांत हे प्रमाण शेकडा ७३ होते. फरक मोठा नसला तरी त्यास खर्च शून्य आहे. बाळ श्वास घेत नसल्यास काय करावयाचे ते डॉक्टरांवर सोपवावे. एरवी प्रसूतीस जाण्यापूर्वीच घरच्या वडील माणसाने परिचारिकेस अगर डॉक्टरांस ही विनंती करून ठेवावी.

३. सहा महिने पूर्ण होताच वरचे अन्न. केवळ भाताची पेज किंवा वरणाचे पाणी यांत लोह नसल्यासारखेच असते. घट्ट वरण-भात, मुगाची मऊ खिचडी, वरणात कुस्करलेली भाकरी द्यावी. नाचणी, मूग, मटकी यांना मोड आणून, वाळवून, भाजून दळले असता फायटिक आम्ल कमी होते. आपल्या आजीबाईंची ही रीत शास्त्रसंमत आहे. घासावर लिंबाचे चार थेंब पिळावेत, किंवा सोबत पेरू, आवळा, टोमॅटो यांचा गर द्यावा. त्यातील क जीवनसत्त्व बांधलेल्या लोहास मोकळे करते. वरण-भाजी लोखंडी कढईत शिजवावी. ज्यांच्या घरी सामिष अन्न चालते त्यांनी नीट उकडून कुस्करलेले अंडे, काटे काढलेली मासळी व कलेजी द्यावी. मांस, मासळी व कलेजी यांतील लोह धान्यातील लोहाहून कितीतरी सुलभपणे अंगी लागते.

४. लोहाचे पातळ औषध. वर दाखविलेली तूट केवळ अन्नाने भरणे शाकाहारी व गरीब घरी बहुधा साधत नाही. म्हणून २०१८ साली सुरू झालेल्या 'ॲनिमियामुक्त भारत' योजनेत ६ ते ५९ महिन्यांच्या प्रत्येक बालकास आठवड्यातून दोन वेळा १ मिलिलिटर औषध द्यावयाचे ठरले आहे; त्या एका मात्रेत २० मिलिग्रॅम लोह असते. आशाताईंकडून ते मिळते. अन्न खाल्ल्यानंतर द्यावे, दुधात मिसळू नये. शौचास काळे होते म्हणून भिऊन बंद करू नये. ताप अगर आजार असता थांबावे. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळास सहा महिन्यांची वाट न पाहता बरेच आधी लोह सुरू करावे लागते; त्याविषयी डॉक्टरांस विचारावे. ज्या कुटुंबांत सिकलसेल किंवा थॅलेसेमिया आहे त्यांनीही आधी सल्ला घ्यावा.

येथे एक इशारा. लोहाच्या पुष्कळशा गोळ्यांतील फेरस सल्फेट हे रसायनदृष्ट्या हिराकसच होय. परंतु शेतीसाठी विकत आणलेला हिराकस शुद्ध नसतो. तो मुलास कदापि देऊ नये. औषधाची बाटली व आईच्या गोळ्याही मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. मूठभर गोळ्या गिळल्यास लहान मुलाच्या जिवावर बेतते.

५. जंतांचा बंदोबस्त. वर्ष पूर्ण झाल्यावर जंताचे औषध, शौचकूप, स्वच्छ हात व पायांत वहाणा यांनी रक्तशोषक कृमींचा उपद्रव टळतो. फेब्रुवारी व ऑगस्ट महिन्यांत अंगणवाडीत हे औषध देतात.

शेतात पेरावयाचे लोह

आता खास शेतकऱ्याच्या अखत्यारीतील गोष्ट. 'धनशक्ती' ही बाजरीची सुधारलेली जात महाराष्ट्रात २०१२ साली प्रसारित झाली. तिच्या दाण्यात किलोमागे सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते. परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'एएचबी १२००' ही संकरित जातही याच हेतूने निघाली. बेळगाव भागात सुमारे दोन वर्षांच्या मुलांवर झालेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात साध्या बाजरीच्या आहारातून दिवसास ०.२३ मिलिग्रॅम लोह शोषले गेले, तर लोहयुक्त बाजरीतून ०.६७. मात्र आठ महिन्यांचे बाळ इतकी बाजरी खाऊ शकत नाही. अशा बाजरीचा खरा लाभ घरातील मुलीस, सुनेस व चालत्या मुलास होईल, आणि मुलीच्या व सुनेच्या द्वारे पुढच्या पिढीच्या शिदोरीस. बाजारासाठी कोणतीही जात लावा. घरच्या कणगीपुरते चार वाफे या बाजरीचे असावेत. बांधावर एक शेवगा, परसात एक लिंबू व पेरू, आणि चालत असल्यास चार कोंबड्या, एवढ्याने बाळाच्या ताटातील उणीव बरीच भरून निघते.

पिकाच्या प्रत्येक अवस्थेचे टिपण आपण ठेवतो. घरात मूल जन्मले म्हणजे तसेच टिपण त्याचेही ठेवावे: जन्माचे वजन किती, नाळ केव्हा कापली, सहा महिने केव्हा पुरे होतात, औषधाचे आठवड्यातील दोन वार कोणते. हे काम बायकांचे म्हणून पुरुषांनी अंग काढून घेऊ नये. आशाताईंकडून बाटली आणणे, लोहयुक्त बाजरीचे बियाणे मिळविणे व गरोदर सुनेच्या ताटात पहिली भाजी वाढली जाते की नाही हे पाहणे, यांतले एकही काम कर्त्या पुरुषास अवघड नाही. संघाच्या ग्रामशाखांनी पुढील खरिपापूर्वी या बियाण्याची एकत्रित मागणी नोंदवावी, आणि त्याच सभेस आशाताईंना बोलावून गावातील सहा महिने पूर्ण होणाऱ्या बाळांची यादी करावी, अशी सभासदांस आमची विनंती आहे.