जातं गेलं, शब्द गेला, मग आठवण? जपानी लेखिकांचा प्रश्न आपल्याही घरातला

बोरगाव (जि. पांढुर्णा) : घराच्या कोपऱ्यात जातं पडून असतं. आजी त्याला 'जातं' म्हणते, हिंदी शाळेत शिकणारी नात 'चक्की' म्हणते. वस्तू एकच. पण आजीच्या शब्दासोबत पहाटेचं दळण, ओव्या आणि तिचं माहेर येतं. नातीच्या शब्दासोबत ते येत नाही. वस्तू आणि शब्द गेल्यावर आठवण टिकते का? जपानी लेखिका योको ओगावा यांची एक कादंबरी याच प्रश्नावर उभी आहे.

बेटावरची गोष्ट काय आहे?

ही कादंबरी 1994 ची. 2019 मध्ये ती 'द मेमरी पोलीस' नावाने इंग्रजीत आली आणि 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय बुकरच्या अंतिम यादीत पोहोचली. एका बेटावरून एकेक गोष्ट नाहीशी होते. पक्षी जातात, गुलाब जातात. थोड्याच दिवसांत लोक त्यांची आठवणही विसरतात. ज्यांना विसरता येत नाही, त्यांना पोलीस उचलून नेतात. कथा सांगणाऱ्या बाईची आई मात्र अशा वस्तू खणांत लपवून ठेवायची आणि लहानग्या लेकीला त्या दाखवायची.

'यात काही घडतच नाही'

जपानी लेखिकांच्या अनेक पुस्तकांबद्दल असं वाटू शकतं. बनाना योशिमोतो यांच्या 'किचन' (1988) मध्ये आजी वारल्यावर एकटी पडलेली मुलगी स्वयंपाकघरात, फ्रिजजवळ झोपते. तिथेच तिला झोप लागते. युको त्सुशिमा यांनी 1978-79 मध्ये नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई आणि तिची लहान मुलगी यांचं एक वर्ष लिहिलं. जे घडतं ते बहुतेक मनात आणि चार भिंतींच्या आत.

आपल्याकडे हे नवं आहे का?

नाही. आपल्या बाया हे सगळं जात्यावर बोलत आल्या. सासूला जे तोंडावर सांगता येत नव्हतं, ते ओवीत सांगता यायचं. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा 1 लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. छापील पुस्तकात पाहायचं, तर मालतीबाई बेडेकर यांनी विभावरी शिरूरकर या टोपणनावाने 1933 मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' लिहिलं. शिकलेल्या मुलींच्या मनातलं इतकं उघड आलं, की ही लेखिका कोण, यावरूनच गदारोळ झाला.

बाजार आणि दवाखान्यासाठी आपण ज्या नागपूरला जातो, तिथल्याच आशा बगे. एकत्र कुटुंब, गाणं आणि घरातल्या बाईचं न बोललेलं मन त्यांच्या कथांत भेटतं. 'भूमी' कादंबरीसाठी त्यांना 2006 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

सीमेवरच्या घरानं काय करावं?

2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला. जिल्हा बदलला, तरी इथल्या कितीतरी घरांत बोली मराठी आणि शाळा हिंदी, हे तसंच आहे. पण लिपी दोन्हीकडे देवनागरीच. हिंदी वाचणारी पोरगी मराठी कथा वाचू शकते. हिंदीच्या रोजच्या वाचनात न येणारा 'ळ' तेवढा तिला शिकवावा लागेल. अडलेल्या शब्दाचा अर्थ सांगायला घरात आजी आहे.

तिनं एक कथा आजीला मोठ्यानं वाचून दाखवावी आणि मग जात्याबद्दल विचारावं. बेटावरच्या आईनं खण उघडून दाखवला होता. आपल्या घरातला खण आजीच्या बोलण्यात आहे, आणि तो उघडायचा तर ती आहे तोवरच.