कोरड्या तळ्यावरील शर्यती

ठाणे हे तळ्यांचे शहर म्हणून प्रसिद्ध आहे. मासुंदा तलाव किंवा कल्याणचा काळा तलाव ज्याने पाहिला आहे, त्याला तळे म्हटले की पाणी आठवते. परंतु जगात अशीही तळी आहेत, की ज्यांच्यात वर्षातील बहुतेक दिवस पाण्याचा थेंबही नसतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मोहावी नावाचे वाळवंट आहे. तेथील अशा तळ्यांवर सुमारे शंभर वर्षांपूर्वी मोटारींच्या शर्यतींचा एक आगळा खेळ उदयास आला.

या तळ्यांना बाहेर वाहून जाण्यास वाट नसते. हिवाळी पावसाचे पाणी डोंगरावरील बारीक माती घेऊन तळ्यात उतरते. ते उथळ असते. वाळवंटातील वारा त्या पाण्याला इकडून तिकडे लोटतो व त्याबरोबर गाळ पसरून जुन्या भेगा आणि खळगे बुजतात. पुढे कडक उन्हाने पाणी आटते आणि गवंड्याने थापीने घोटून काढावी, तशी सपाट व टणक जमीन मागे उरते. दर वर्षी निसर्ग हे काम नव्याने करतो.

म्युरॉक हे अशा तळ्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध होय. तेथे वस्ती करणाऱ्या एका कुटुंबाचे आडनाव कोरम असे होते. त्या आडनावाची इंग्रजी अक्षरे उलट क्रमाने लिहून ‘म्युरॉक’ हे नाव तयार झाले. हे तळे लॉस एंजेलिस शहरापासून सुमारे दीडशे किलोमीटरांवर आहे. त्या शहरातील अनेक तरुणांना वेगाचे मोठे वेड होते. पण १९२९ नंतर अमेरिकेत मोठी मंदी आली होती आणि नवी मोटार घेण्याइतका पैसा त्यांच्याजवळ नव्हता. तेव्हा फोर्ड कंपनीच्या जुन्या, स्वस्त गाड्या ते विकत घेत आणि स्वतःच्या हातांनी त्यांचे रूप पालटून टाकीत.

हे काम ते कसे करीत? प्रथम चाकांवरील पत्रे, छप्पर, पुढची काच असे जे जे काढता येईल, ते सारे काढून टाकीत. त्यामुळे गाडीचे वजन घटे आणि हवेचा अडथळाही कमी होई. मग ते इंजिनाकडे वळत. इंजिनात पेट्रोल व हवा यांचे मिश्रण दाबले जाऊन पेट घेते व त्या जोराने चाके फिरतात. मिश्रण अधिक प्रमाणात आत गेले आणि अधिक दाबले गेले, तर जोरही वाढतो. म्हणून एका कार्बुरेटरच्या जागी ते दोन-तीन बसवीत व इंजिनाचे डोके घासून आतील जागा कमी करीत. १९३२ साली फोर्ड कंपनीने आठ सिलिंडरांचे स्वस्त इंजिन बाजारात आणले, तेव्हा या तरुणांच्या हाती जणू घबाडच आले. अशा गाड्यांना पुढे ‘हॉट रॉड’ हे नाव पडले. त्यांतील चांगल्या गाड्या ताशी १०० मैलांचा, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरांचा वेग गाठीत. या वेगाने ठाणे ते कल्याण हे सुमारे वीस किलोमीटरांचे अंतर साडेसात मिनिटांत तुटेल!

आरंभी अनेक गाड्या एकाच वेळी सोडल्या जात. पुढच्या गाडीमागे धुळीचा लोट उठे आणि मागच्या चालकास काहीच दिसेनासे होई. त्यातून भयंकर अपघात घडत. शहराच्या रस्त्यांवर शर्यती लावणारेही काही होते. त्यामुळे या साऱ्याच तरुणांकडे लोक रोषाने पाहू लागले. तेव्हा १९३७ साली काही मंडळांनी एकत्र येऊन ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली. तिने सुरक्षिततेचे नियम घातले आणि गाड्यांचे वर्ग पाडले. हळूहळू एका वेळी एकच गाडी सोडण्याची पद्धत रूढ झाली. आता स्पर्धा शेजारच्या गाडीशी नव्हे, तर घड्याळाशी होऊ लागली.

दुसऱ्या महायुद्धात म्युरॉक तळे पूर्णपणे सैन्याच्या ताब्यात गेले. १४ ऑक्टोबर १९४७ रोजी याच तळावरून निघालेल्या चक येगर या वैमानिकाने ध्वनीहून अधिक वेगाने विमान चालविले. शर्यती मात्र एल मिराज या दुसऱ्या कोरड्या तळ्यावर गेल्या. गाडीचा वेग दुप्पट झाला, की हवेचा अडथळा चौपट होतो. हे ओळखून बिल बर्क याने १९४६ साली लढाऊ विमानाखाली लावण्याची इंधनाची जुनी टाकी घेतली आणि तिची गाडी बनविली. माशासारख्या निमुळत्या आकारामुळे ती हवा सहज कापीत जाई. १९४९ साली बॉनव्हिल येथील मिठाच्या मैदानावर मोठी स्पर्धा भरली. तेथे अ‍ॅलेक्स झायडियस व डीन बॅचेलर यांच्या गाडीने ताशी ३०० किलोमीटरांहून अधिक वेग गाठला.

भारतात अशी कोरडी तळी शर्यतींस लाभली नाहीत. तथापि मद्रासजवळ शोलावरम येथील युद्धकाळातील धावपट्टीवर अनेक वर्षे मोटारींच्या शर्यती होत. कल्याणजवळ नेवाळी येथेही युद्धकाळात धावपट्टी झाली; परंतु ती शेतकऱ्यांच्या जमिनीवर झाली होती आणि त्या जमिनीचा वाद २०१७ सालीही पेटलेला होता. मोकळी दिसणारी जमीन नेहमीच कोणाच्याही मालकीची नसते असे नाही.

निसर्गालाही मर्यादा आहे. बॉनव्हिल येथील मिठाचा थर पातळ होत गेला आहे. २०१५ साली मैदान योग्य नसल्याने तेथील वार्षिक स्पर्धा रद्द करावी लागली. वेगाची हौस तरुणपणी स्वाभाविक असते. तिला योग्य जागा, नियम व हातांचे कौशल्य यांची जोड मिळाली, तर ती विद्येच्या मार्गाला लागते. आणि गर्दीच्या रस्त्यावर उधळली, तर स्वतःच्या व दुसऱ्याच्या जिवावर बेतते. म्युरॉकच्या तरुणांनी हा धडा मोठी किंमत देऊन शिकला.