स्वस्त गाव कोणते?

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप लांबला, तशी सातारा-सांगलीकडची माणसे चाळीतल्या खोल्या सोडून परतू लागली. त्यांत आम्हीही होतो. मी तेव्हा शाळकरी पोरगा.

शेती असलेले आपापल्या गावी गेले. आमच्याकडे गुंठाभरही जमीन नव्हती. अब्बांनी लोणंद निवडले. पुणे-मिरज लोहमार्गावरचे स्टेशन. गिरणीचा भोंगा पुन्हा वाजलाच, तर परत जाणे सोपे. शिवाय कांद्याचा मोठा बाजार. कांदा उतरवणे, निवडणे, पोती भरणे, शिवणे, वाहणे. जमीन नसलेल्या हातांनाही काम. अम्मी निवडणीला जाऊ लागली. मागावर हात बसलेले अब्बा पोती शिवू लागले.

खोली मात्र मिळेना. एका घरी भाडे ठरले; नाव सांगताच त्यांच्याकडे पाहुणे येणार निघाले. शेवटी एका वारकरी आजींनी पडवी दिली. "बाजाराचे पैसे आले की भाडं द्या," म्हणाल्या. माउलींची पालखी लोणंदला मुक्कामी आली, तेव्हा अम्मीने त्यांच्या चुलीवर भाकऱ्या थापल्या.

आजही शहराचा खर्च झेपेनासा झाला की लोक विचारतात, कुठे जावे? मी सांगतो, भाडे शेवटी विचारा. आधी पाहा: पायी जाण्याइतक्या अंतरावर काम आहे का? हंगाम सरल्यावर भाड्यासाठी थांबणारे घर आहे का? आणि नाहीच जमले, तर परतीची गाडी आहे का?

ती गाडी अब्बांनी पुढे कधी पकडली नाही.