विश्लेषण : छोट्या होडीवर आधी काय घ्यावे? मासे दाखवणारे यंत्र की जीव वाचवणारे साहित्य?

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांसाठीची पावसाळी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस असते. ती संपण्याआधीचे दोन-तीन आठवडे कोकणातल्या बंदरांवर लगबगीचे असतात. होडीला रंग लागतो, जाळी शिवली जातात, इंजिन खोलले जाते. याच दिवसांत घराघरांत एक हिशेब मांडला जातो. हाताशी उरलेल्या पैशांत होडीवर नवीन काय बसवायचे? दुकानात सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो तो मासे दाखवणारा रंगीत पडदा. मात्र दोन-तीन माणसांच्या उघड्या होडीसाठी खरेदीचा क्रम वेगळा असायला हवा. तो का, आणि कोणता?

छोट्या होडीची अडचण नेमकी काय?

येथे विचार आहे तो साधारण सहा ते नऊ मीटर लांबीच्या लाकडी किंवा फायबरच्या होडीचा. मागे आउटबोर्ड इंजिन, दोन ते चार माणसे, वावरी जाळे किंवा गरी आणि बहुतेक वेळा सकाळी जाऊन संध्याकाळी परत. या होडीला केबिन नसते. त्यामुळे प्रत्येक वस्तूवर ऊन, पाऊस आणि खारे पाणी पडते. जागा कमी आणि वीज देणारी बॅटरी एकच असते. ट्रॉलरवर एक यंत्र बंद पडले तर दुसरे असते, छोट्या होडीवर बहुधा नसते. म्हणून प्रत्येक खरेदीआधी एकच प्रश्न विचारावा : ही वस्तू नसेल तर फक्त मासळी कमी मिळेल, की माणूस परत येणार नाही?

पहिली खरेदी कोणती?

होडीवर जितकी माणसे, तितकी लाइफ जॅकेट. त्यांच्यावर तरंगशक्तीचा आकडा ‘न्यूटन’मध्ये लिहिलेला असतो. ५० न्यूटन म्हणजे साधारण पाच किलोची उचल. अशी जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी आणि किनाऱ्यालगतच्या शांत पाण्यासाठी असतात. बेशुद्ध माणसाचे तोंड पाण्याबाहेर राहील, याची हमी ती देत नाहीत. १०० न्यूटनची जॅकेट आडोशाच्या पाण्यासाठी, तर १५० न्यूटनची खुल्या समुद्रासाठी मानली जातात. खाडीच्या मुखाबाहेर जाणाऱ्या होडीने १५० न्यूटनचा विचार करावा.

जाडजूड जॅकेट घालून जाळे ओढता येत नाही, ही तक्रार खरी आहे. त्यामुळे ती होडीच्या तळाशी पडून राहतात आणि वेळ आली की हाती लागत नाहीत. यावर उपाय म्हणजे हवेने फुगणारी, गळ्याभोवती पट्ट्यासारखी बसणारी जॅकेट. त्यांची किंमत जास्त असते आणि त्यातली गॅसची नळकांडी तपासत राहावी लागते. पण जे अंगावर राहील तेच उपयोगाचे.

याच खरेदीत इंजिन बंद करणारी दोरीही मोडते. आउटबोर्ड चालवणाऱ्याने ती मनगटाला किंवा कमरेला अडकवायची असते. तो पाण्यात पडला तर दोरी सुटते आणि इंजिन तिथल्या तिथे थांबते. ही दोरी अनेकदा इंजिनसोबतच मिळते आणि अनेकदा वापरलीच जात नाही.

इंजिन बंद पडले तर?

संकटाची सुरुवात दरवेळी वादळानेच होत नाही. इंजिन बंद पडते आणि होडी वाऱ्याबरोबर वाहू लागते. अशा वेळी जागेवर धरून ठेवतो तो नांगर. पण नांगराचे वजन जितके महत्त्वाचे, तितकीच दोराची लांबी. दोर आखूड असेल तर नांगर तळाला रुतण्याऐवजी वर उचलला जातो. खोलीच्या किमान पाचपट आणि खराब हवेत सातपट दोर सोडावा, असा सर्वसाधारण नियम आहे.

हिशेब करून पाहा. ओहोटीला आठ मीटर पाणी आहे आणि ४० मीटर दोर सोडला, म्हणजे पाचपट झाला. मुंबईजवळ मोठ्या उधाणाला पाणी चार ते पाच मीटरने वर-खाली होते. भरतीला तेच पाणी १२ मीटर झाले की हा दोर जेमतेम सव्वातीनपट उरतो. म्हणून दोर मोजताना भरतीची खोली धरावी. नांगराजवळ काही मीटर साखळी लावली तर ओढ तळाला समांतर राहते. दोर शक्यतो नायलॉनचा घ्यावा. तो ताणला जातो आणि लाटेचा हिसका सोसतो.

सोबत एका घट्ट झाकणाच्या डब्यात जादा स्पार्क प्लग, इंधनाचा फिल्टर, पंख्याची पिन, इंजिन ओढण्याची दोरी आणि ती बदलायला लागणारी हत्यारे ठेवावीत. वल्ही काढून टाकू नयेत. पाणी उपसायला बादली आणि हातपंप दोन्ही असावेत. विजेवरचा पंप असला तरी बॅटरी बुडाली की तो थांबतो, बादली थांबत नाही.

मदतीची हाक किती दूर जाते?

मोबाइल हे सगळ्यांकडे असलेले साधन. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे दोन्ही क्रमांक त्यात आधीच साठवून ठेवावेत. किनारा दूर गेला की रेंज जाते. मात्र रेंज गेली तरी फोनमधले जीपीएस चालू राहते, कारण ते टॉवरवर नव्हे तर उपग्रहांवर चालते. नकाशा आधी उतरवून ठेवला तर होडी कुठे आहे हे पडद्यावर दिसत राहते. त्यासाठी पाणी न शिरणारे पाकीट लागते. यादीतली ही सगळ्यात स्वस्त वस्तू असेल.

ठिकाण सांगताना एक चूक महागात पडू शकते. फोनवर अक्षांश दशांशात दिसतो. देवगड परिसरात तो साधारण १६.३७ असा दिसेल. याचा अर्थ १६ अंश ३७ मिनिटे नव्हे, तर १६ अंश २२ मिनिटे. ऐकणाऱ्याने ३७ मिनिटे धरली तर शोध सुमारे २७ किलोमीटर उत्तरेला सुरू होईल. म्हणून आकडा सांगताना ‘सोळा पूर्णांक’ किंवा ‘सोळा अंश, इतकी मिनिटे’ असे स्पष्ट सांगावे.

मोबाइलनंतर येतो व्हीएचएफ बिनतारी संच. त्याच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर संकटाची हाक दिली जाते आणि ती आसपासच्या सगळ्या नौकांना एकाच वेळी ऐकू येते. फोन फक्त एकालाच लागतो. संच घेताना ‘किती वॉट’ हा प्रश्न पहिला विचारला जातो, पण या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीचा गोलावा आडवा येतो. त्यामुळे खरा फरक पडतो अँटेनाच्या उंचीने. दोन होड्यांत माणसांनी पाण्यापासून मीटरभर उंचीवर संच धरले, तर हाक साधारण आठ किलोमीटर जाते. दोन्हीकडे चार मीटर उंच काठीवर अँटेना असेल तर तेच अंतर सोळा किलोमीटरच्या आसपास जाते. किनाऱ्यावरची अँटेना ५० मीटर उंचीवर असेल तर ३५ किलोमीटरच्याही पुढे. बिनतारी संचाला परवाना लागतो. त्याची चौकशी खरेदीआधी करावी.

उपग्रहावर चालणारी साधने काय करतात?

नोव्हेंबर २०१७च्या अखेरीस ओखी वादळ आले, तेव्हा केरळ आणि तमिळनाडूच्या अनेक नौका आधीच खोल समुद्रात होत्या. फोनच्या रेंजबाहेर असलेल्यांपर्यंत इशारा पोहोचला नाही. वाहत, भरकटत त्यांतल्या कित्येक नौकांनी थेट देवगडचा आसरा घेतला होता. या अनुभवानंतर २०१९ मध्ये ‘जेमिनी’ हे उपकरण आले. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेचे वादळाचे, उंच लाटांचे आणि मासळीच्या संभाव्य क्षेत्रांचे संदेश ते उपग्रहावरून घेते आणि ब्लूटूथने फोनवर दाखवते. मात्र ते फक्त ऐकते, बोलत नाही.

बोलण्याचे काम ‘डॅट’ करते. इस्रोच्या या यंत्राचे बटण दाबले की होडीची ओळख आणि ठिकाण उपग्रहामार्गे नियंत्रण केंद्राकडे आणि तिथून तटरक्षक दलाकडे जाते. जुन्या यंत्रात हाक पोहोचली की नाही हे कळत नसे. २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रात पोच मिळण्याची सोय आहे. पाण्यात वाट पाहणाऱ्या माणसासाठी हा बदल छोटा नाही.

याशिवाय ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमधून पंतप्रधानांच्या हस्ते नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याची देशव्यापी योजना सुरू झाली. एक लाख यांत्रिक आणि मोटार बसवलेल्या नौकांवर ते बसवण्याचे उद्दिष्ट आहे आणि नौकामालकाला त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. म्हणून अशा यंत्रावर स्वतःचे पैसे घालण्याआधी मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे विचारणा करावी.

मोठ्या जहाजाला होडी दिसते का?

अनेकदा नाही. लाकूड आणि फायबर रडारच्या लहरी नीट परतवत नाहीत. त्यात होडी पाण्यालगत आणि लाटांच्या आड. मुंबई, न्हावाशेवा, जयगडसारख्या बंदरांच्या वाटेवर रात्री जाळे टाकून बसलेल्या होडीला हा धोका रोजचा आहे. काठीवर उंच बांधलेला धातूचा रडार परावर्तक हे त्यावरचे साधे उत्तर. त्याला वीज लागत नाही.

दिव्यांचे नियम आंतरराष्ट्रीय आहेत. सात मीटरपेक्षा लहान आणि ताशी सात सागरी मैलांपेक्षा हळू चालणाऱ्या होडीला चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा चालतो. त्याहून मोठ्या, पण १२ मीटरच्या आतल्या नौकेला त्यासोबत डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा दिवा लागतो. जाळे पाण्यात असताना लाल दिवा वर आणि पांढरा खाली, ही मासेमारीची खूण. संकटात दाखवायचे लाल ज्योतीचे नळकांडे आणि दिवसा दिसणारा नारिंगी धूर हेही सोबत हवेत. त्यावरची मुदतीची तारीख दर हंगामात पाहावी.

मग मासे दाखवणारे यंत्र घ्यावे की नाही?

घ्यावे, पण वरची यादी पूर्ण झाल्यावर. फिश फाइंडर पाण्यात आवाजाची लहर सोडतो आणि तिचा प्रतिध्वनी मोजतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो. ३० मीटर खोल तळावर आपटून तो ०.०४ सेकंदात परत येतो आणि मधे मासळीचा थवा असेल तर त्याआधीच. छोट्या होडीच्या उथळ पाण्यासाठी २०० किलोहर्ट्झ पुरेसे आणि जास्त स्पष्ट. ५० किलोहर्ट्झ खोल पाण्यासाठी. महाग, दुहेरी यंत्राची गरज बहुतेकांना नसते. जीपीएससह येणारे यंत्र मात्र उपयोगी. खडप कुठे आहे आणि जाळे कुठे टाकले आहे, ही दोन्ही ठिकाणे त्यात खूण करून ठेवता येतात. खडपावर फाटलेले एक जाळे वाचले तरी यंत्राच्या किमतीतला काही भाग सुटतो.

बॅटरी केवढी हवी?

दहा तासांच्या फेरीचा अंदाज असा : फिश फाइंडर १० अँपिअर-तास, व्हीएचएफ चार, दिवे आठ, फोनचे चार्जिंग दोन. बेरीज २४. साध्या शिसे-आम्ल बॅटरीची निम्मीच क्षमता वापरली तर ती टिकते. म्हणजे ६० अँपिअर-तासांची बॅटरी पुरते, ३५ची नाही. प्रत्येक यंत्राला वेगळा फ्यूज, कल्हई केलेली तांब्याची तार आणि टोकांना पेट्रोलियम जेली एवढे केले तर खारी हवा तारा लवकर खाणार नाही.

पैसे परत देणारी वस्तू कोणती?

बर्फाची पेटी. एक किलो मासळी २८ अंशांवरून शून्यावर आणायला हिशेबाने सुमारे ३०० ग्रॅम बर्फ लागतो. पण बाकीची उष्णता पेटीच्या भिंतींतून आणि उघडझाप करताना आत येते. म्हणून उष्ण हवेत मासळीइतकाच बर्फ न्यावा, असे सांगितले जाते. जाड फोमच्या भिंतींची, घट्ट झाकणाची आणि तळाला पाणी काढायचे छिद्र असलेली पेटी घ्यावी. तळाला बर्फाचा चुरा, मग मासळी, पुन्हा चुरा असे थर द्यावेत. भरलेली पेटी जड असते, त्यामुळे ती होडीच्या मध्यभागी आणि खाली ठेवावी. लिलावात भाव मिळतो तो ताज्या मासळीला, आणि तोच अनेकदा जास्त मासळीपेक्षा जास्त पैसे देतो.

काय घेऊ नये?

मासळी खेचण्यासाठीचे प्रखर एलईडी दिवे आणि त्यासाठीचा जनरेटर. अशा दिव्यांच्या साह्याने मासेमारी करण्यावर केंद्राने नोव्हेंबर २०१७ पासून बंदी घातली आहे. कारवाई झाली तर साहित्यही जाते आणि हंगामही.

सरकारी मदत मिळते का?

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक आणि मोटार बसवलेल्या नौकांसाठी सुरक्षा संच आणि संपर्क साधनांचा समावेश आहे. योजनेतील लाभार्थींना सर्वसाधारण गटात ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साह्याची तरतूद आहे. याच योजनेतील अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास पाच लाख रुपयांचे संरक्षण आहे. नौकेची नोंदणी आणि परवाना अद्ययावत नसेल तर अर्ज अडू शकतो. म्हणून कागद आधी, खरेदी नंतर.

यादीतल्या शेवटच्या गोष्टीला मात्र पैसे पडत नाहीत. निघताना होडीचा नोंदणी क्रमांक, कोण कोण सोबत आहे, कोणत्या दिशेला जात आहोत आणि किती वाजेपर्यंत परत येऊ, एवढे एका कागदावर लिहून घरी ठेवावे. खाली १५५४ लिहावे आणि ठरलेली वेळ टळल्यावर किती तास थांबून फोन करायचा, तेही. समुद्रातले एकही यंत्र चालले नाही, तरी शोध सुरू करायला हा कागद पुरतो.