खिशांतील चाकू : निवड आणि निगा

आमच्या आजोबांच्या दौतीशेजारीं शिंगाच्या मुठीचा एक लहानसा मिटणारा चाकू सदा पडलेला असे. तो बोरू तासण्याचा. घरांत सुऱ्या होत्या, विळ्या होत्या. पण त्या चाकूला दुसऱ्या कोणीं हात लावलेला त्यांना खपत नसे. इंग्रजींतील ‘पेननाइफ’ हा शब्दहि पिसाच्या लेखणीचें टोंक नीट करण्याच्या कामांतूनच जन्मास आला. पिसाची लेखणी गेली, बोरूहि गेला. मिटणारा चाकू मात्र राहिला. घरपोंच येणाऱ्या खोक्यांच्या चिकटपट्ट्या कापणें, प्रवासांत पेरू चिरणें, विजेच्या तारेचें वेष्टण सोलणें, बागेंतली सुतळी तोडणें, अशा पांचपन्नास कामांना स्वयंपाकघरांतली सुरी कोणी उचलून नेली, तर काय होतें तें प्रत्येक गृहिणी जाणते.

आमच्या घरांत हा विषय निघाला तो मात्र एका अपघातामुळें. माझा पुतण्या शिक्षणासाठीं वसतिगृहांत राहावयास जाणार होता. त्यानें एका जत्रेंत स्वतःच्या पैशांनीं चाकू घेतला. मुठीवर गरुडाचें चित्र, पात्यावर काळा रंग, पाठीला करवतीसारखे दांते. दिसावयास मोठा रुबाबदार. आठवड्याच्या आंतच पुठ्ठ्याच्या खोक्याला भोंक पाडतांना तें पातें उलटें मिटलें आणि चिरंजीवांच्या तर्जनीला तीन टांके पडले. आईनें तत्काळ हुकूम सोडला, कीं यापुढें विळी आणि सुरी यांखेरीज घरांत पातें नको. वहिनींनीहि मान डोलाविली. मी तो चाकू उजेडांत नेऊन पाहिला. उघडें पातें अडवून धरणारी आंतली पट्टी पत्र्यासारखी पातळ होती आणि पात्याच्या बुडाला ती जेमतेम स्पर्श करीत होती. टोंकावर जोर येतांच ती सरकली, यांत नवल तें काय ?

मिटणाऱ्या चाकूचा जीव पात्यांत नसून बिजागरींत असतो, आणि विकत घेणारा तर आधीं पातेंच पाहतो. साध्या चाकूंत पाठीमागें एक कमान असते. ती पातें दाबून धरते, परंतु अडकवून ठेवीत नाहीं. स्वित्झर्लंडमधील इबाख येथें कार्ल एल्सेनर यानें १८८४ सालीं कारखाना काढला आणि १८९७ सालीं तांबड्या मुठीच्या प्रसिद्ध चाकूचा हक्क नोंदविला. त्या घराण्यांतील बहुतेक लहान चाकू याच कमानीच्या जातीचे आहेत. फळ चिरणें, पाकीट फोडणें, दोरी कापणें यांना ते उत्तम. पण टोंक खुपसून भोंक पाडण्याचें काम त्यांच्याकडून कधींहि घेऊं नये. तें काम पडणार असेल, तर अडसराचा चाकू घ्यावा. फ्रान्समधील साव्हाय प्रांतांत जोसेफ ओपिनेल यानें १८९० सालीं लांकडी मुठीचा शेतकऱ्यांचा चाकू घडविला. त्याला १९५५ सालीं एक फिरती कडी बसविण्यांत आली. ती फिरविली कीं पातें मिटत नाहीं. इतकी सोपी आणि इतकी खात्रीची युक्ति दुसरी माझ्या पाहण्यांत नाहीं. फक्त आपल्याकडील पावसाळ्यांत तिची लांकडी मूठ फुगते आणि पातें आंतच अडकून बसतें. अशा वेळीं मुठीचें मागचें टोंक टेबलावर हलकेंच आपटून पातें बाहेर काढावें. साव्हायचे शेतकरीहि हेंच करतात.

दुकानांत चाकू हातीं आला म्हणजे तो पूर्ण उघडावा आणि पातें चिमटींत धरून डावीउजवीकडे व वरखालीं हलवून पाहावें. खुळखुळ जाणवली तर किंमत कितीहि कमी असो, परत ठेवावा. मग बोटें पात्याच्या वाटेंतून दूर ठेवून पात्याची पाठ लांकडावर टेकवावी आणि बेताचा दाब द्यावा. अडसर सरकतां कामा नये. शेवटीं मिटून उजेडासमोर धरावा : पातें मध्यभागीं बसतें कीं एका भिंतीला घासतें, आणि टोंक बाहेर डोकावतें काय ? हें शेवटचें न पाहिल्यानें कित्येक सदऱ्यांचे खिसे फाटतात. ही सारी परीक्षा दोन मिनिटांची आहे. दुकानदार कपाळाला आठ्या घालील, त्या घालूं द्याव्या.

पोलादाविषयीं फार खोलांत जाण्याचें कारण नाहीं. पात्यावर नुसतें ‘स्टेनलेस’ कोरलेलें असलें, तर तें गंजणार नाहीं एवढेंच कळतें. धार टिकेल कीं नाहीं, तें कळत नाहीं. धार टिकते ती मुख्यतः कर्बाच्या प्रमाणावर आणि पाणी देण्याच्या कौशल्यावर. ‘८ सीआर १३’ अशा अक्षरांनीं आरंभ होणारें चिनी पोलाद स्वस्त चाकूंत पुष्कळ आढळतें. त्यांतील आठाचा अर्थ शेंकडा सुमारें ०·८ कर्ब आणि तेराचा अर्थ शेंकडा सुमारें १३ क्रोमियम. रोजच्या कामाला तें पुरेसें आहे. नुसत्या ‘४२०’ छापाचें पोलाद मऊ, वारंवार घासावें लागणारें. क्रोमियम नसलेलें साधें कर्बी पोलाद धारेला फार गोड. पण कैरी किंवा लिंबू कापून तसेंच ठेवलें, तर संध्याकाळपर्यंत काळें पडतें. कोंकणांत राहणाऱ्यांनीं आणि विसराळू माणसांनीं त्याच्या वाटेस जाऊं नये. एकाद्या जाडजूड कादंबरीला पडतात त्याच्या दुप्पट-तिप्पट पैशांत उत्तम चाकू मिळतो. त्यापलीकडचा पैसा हौसेचा.

पातें सातआठ सेंटिमीटर पुरे. शस्त्रविषयक नियमांप्रमाणें परवान्याचा प्रश्न नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांना येतो, हें खरें. पण तेवढ्यावर निर्धास्त राहूं नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, यांतील कलम ३७ अन्वयें शस्त्रबंदीचा हुकूम निघाला असेल, तर त्यांत चाकूहि येऊं शकतो. सणावारीं, निवडणुकीच्या दिवसांत तो घरीं ठेवलेलाच बरा. खटका दाबतांच उडणाऱ्या चाकूचा मोह तर धरूंच नये. रामपूरनें आपल्या प्रसिद्ध चाकूचा सुमारें वीस फुटी नमुना २०२३ सालीं भर चौकांत उभारला. त्या जातीची शोभा तेथेंच आहे.

धार घरींच लावावी. रस्त्यावरच्या फिरत्या चाकावर पातें तापतें, तापलें कीं त्याचें पाणी उतरतें, शिवाय दरवेळीं झीज होते ती वेगळीच. बाजारांत दोन अंगांचा दगड मिळतो, एक अंग भरड, दुसरें बारीक. कागदाचा काटकोनी कोपरा एकदां दुमडला कीं पंचेचाळीस अंश, पुन्हां दुमडला कीं साडेबावीस. जवळजवळ तेवढ्याच कोनांत पातें दगडावर टेकवावें आणि पाणी घालून एकाच बाजूनें सावकाश घासावें. कांहीं वेळानें पलीकडच्या कडेला बोटास किंचित् खरखर लागते. ती टोंकापर्यंत सर्वत्र लागली, म्हणजेच बाजू पालटावी. नवशिक्याची चूक येथेंच होते. तो खरखर येण्याआधींच बाजू बदलतो आणि दगडाला नांवें ठेवतो. शेवटीं बारीक अंगावर चारदोन हलके हात देऊन जुन्या कातडी पट्ट्यावर पातें उलट्या दिशेनें ओढावें. बिजागरींत महिन्याकांठीं तेलाचा एक थेंब सोडावा, तोहि शिवणयंत्राच्या तेलाचा. खोबरेल थंडींत गोठतें व पुढें चिकट होतें.

आईचा हुकूम कांहीं अटींवर सैल झाला. कडीचा चाकू मीं आणला, तेव्हां तो पुतण्याच्या हातांत देऊं लागलों, तर तिनें मला अडविलें. हातांतून हातांत पातें दिलें कीं भांडण होतें, म्हणून तो जमिनीवर ठेवला आणि त्यानें उचलला. विमानांत जवळच्या पिशवींत चाकू चालत नाहीं, तेव्हां वहिनींनीं तो आपल्या हातानें मोठ्या पेटीच्या तळाशीं घातला.

गणपतीला तो घरीं आला, तेव्हां मीं चाकू मागून पाहिला. धार पार मेली होती आणि कडीखालीं कुठल्याशा फळाचा गर वाळून बसला होता. आरती आटोपल्यावर आम्ही दोघे दगड घेऊन मागच्या पडवींत बसलों.