हवेतलं बोलणं आणि हलके कान

रेडिओ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सकाळच्या बातम्या, विविधभारतीवरची गाणी, क्रिकेटचं धावतं समालोचन असं काहीबाही येतं. हा रेडिओ बोलतो तो सगळ्यांसाठी. पण हवेत दुसऱ्या प्रकारचा रेडिओही सतत बोलत असतो. नाक्यावरच्या पोलिसाच्या खांद्यावरचा वायरलेस घ्या, अग्निशमन दलाच्या गाडीतला संच घ्या किंवा विमानाला धावपट्टी मोकळी असल्याचं सांगणारा मनोरा घ्या. हे बोलणं दोघाचौघांतलं असतं, कामापुरतं आणि तुटक. ते तुमच्याआमच्यासाठी नसतं. पण हवेला भिंती नसल्यामुळे, योग्य यंत्र जवळ असेल तर ते तिसऱ्यालाही ऐकू येतं. या यंत्राला स्कॅनर म्हणतात. आज या स्कॅनरबद्दल आणि त्याचा आवाज इंटरनेटवरून जगभर कसा पोचवतात त्याबद्दल बोलायचं आहे. मी आहे कवितेचा माणूस, बी. ए. झालेला. तेव्हा समजावून सांगीन ते मला जसं समजलं तसंच.

आपल्या घरच्या रेडिओची सुई एका जागी लावली की तिथेच राहते. स्कॅनरची सुई सतत फिरत असते. पोलिसांचा एक चॅनल, अग्निशमन दलाचा दुसरा, रुग्णवाहिकेचा तिसरा, असे आकडे त्याच्या स्मरणात भरून ठेवायचे. मग तो एकेका चॅनलवर क्षणभर थांबून कानोसा घेतो. कुणी बोलत नसेल तर लगेच पुढे जातो आणि सेकंदभरात कितीतरी चॅनल पालथे घालतो. कुठे आवाज सापडला की थांबतो, बोलणं संपेपर्यंत ऐकवतो आणि पुन्हा फेरीला निघतो. त्यावर एक बटण असतं, त्याला स्क्वेल्च म्हणतात. कुणी बोलत नसताना येणारी खरखर त्याने गप्प बसते. म्हणून स्कॅनर तासन्‌तास मुका राहतो आणि मग अचानक बोलू लागतो.

अमेरिकेत हा छंद जुना आहे. न्यूयॉर्कमध्ये वीजी या टोपणनावाने ओळखला जाणारा एक छायाचित्रकार होता. १९३८ साली त्याने आपल्या मोटारीत पोलिसांचा रेडिओ बसवण्याची परवानगी मिळवली होती. गुन्हा घडला की तो पोलिसांच्या बरोबरीने हजर! पुढे घराघरांत स्कॅनर आले. पण त्याला एक मर्यादा होती. पोलिसांच्या वायरलेसचा पल्ला शहरापुरता किंवा जिल्ह्यापुरता असतो. त्यापलीकडच्या माणसाला तो ऐकू येत नाही. ही मर्यादा इंटरनेटने मोडली.

ती कशी मोडली, ते माझ्या भाच्याने मला समजावलं. तो अमेरिकेत न्यू जर्सीत राहतो. त्याच्या गावचं अग्निशमन दल स्वयंसेवकांचं आहे. कुणी दुकानदार, कुणी शिक्षक. भोंगा वाजला की हातातलं काम टाकून धावणारी माणसं. त्यांच्या वायरलेसचा आवाज भाचा आपल्या घरातून इंटरनेटवर सोडतो. मी विचारलं, "अरे, यासाठी केवढी यंत्रणा लागत असेल?" तो हसून म्हणाला, "मामू, एक स्कॅनर, एक वायर आणि एक जुना कॉम्प्युटर. बस्स."

पहिलं काम वायरचं. स्कॅनरला हेडफोन लावायचं भोक असतं, काहींना ध्वनिमुद्रणासाठी वेगळं भोकही असतं. तिथून निघालेली वायर कॉम्प्युटरच्या लाइन-इन नावाच्या भोकात जाते. शेजारचं माइकचं भोक दिसायला तसंच असतं, पण ते अगदी क्षीण आवाजासाठी केलेलं. त्यात स्कॅनरचा आवाज घातला तर तो फाटून जातो. लॅपटॉपला बहुधा लाइन-इन नसतं, मग बाहेरून जोडायचं छोटं साउंड कार्ड घेतात. हेडफोनच्या भोकातून आवाज घेताना तो कमी ठेवायचा आणि पडद्यावरचा काटा लाल रेघेला टेकत नाही ना, ते पाहायचं. कधी कधी मागे सतत घुं घुं ऐकू येतं. स्कॅनर आणि कॉम्प्युटर दोन्ही भिंतीतल्या विजेवर चालत असले की वायरीवाटे ही गुणगुण शिरते. त्यावर आयसोलेटर नावाची, आत बारीकसा ट्रान्सफॉर्मर असलेली एक डबी मिळते. ती मधे जोडली की घुं घुं थांबतं.

दुसरं काम आवाजाचे आकडे करण्याचं. कॉम्प्युटरमधला एक प्रोग्रॅम आवाज घेऊन तो एमपी३ स्वरूपात दाबून लहान करतो. इथे गाण्याची गोडी राखायची नसते, शब्द कळले की झालं. म्हणून सेकंदाला १६ किलोबिट एवढाच प्रवाह पुरतो. हिशेब केला तर तासाला साधारण ७ मेगाबाइट आणि दिवसरात्र चालू ठेवलं तरी १७३ मेगाबाइटच्या आसपास. साध्या इंटरनेट जोडणीलाही हे ओझं जड नाही.

तिसरं काम तो प्रवाह वाटण्याचं. घरचा कॉम्प्युटर हजार लोकांना हजार वेळा आवाज पाठवू शकत नाही. तो एकच प्रवाह एका मोठ्या सर्व्हरकडे पाठवतो आणि सर्व्हर त्याच्या हव्या तेवढ्या प्रती करून देतो. आकाशवाणीचा एका केंद्रावरचा कार्यक्रम इतर केंद्रं सहक्षेपित करतात, तसंच हे. या कामासाठी आइसकास्ट नावाचा मोफत प्रोग्रॅम बराच वापरला जातो. सर्व्हरचा पत्ता, पोर्टचा क्रमांक, आपल्या प्रवाहाचं नाव आणि पासवर्ड, एवढ्या चार गोष्टी भरल्या की आवाज निघाला. ऐकणाऱ्याला तो थोडा उशिराने मिळतो, कधी अर्ध्या मिनिटाने, कधी त्याहून जास्त. अमेरिकेत अशा हजारो घरगुती प्रवाहांना एकत्र आणणारं ब्रॉडकास्टिफाय नावाचं ठिकाण आहे. विमानतळांच्या मनोऱ्यांसाठी लाइव्हएटीसी आहे.

याचा उपयोग काय? भाचा म्हणतो, स्वयंसेवकांच्या घरची माणसं ऐकतात. नवरा आगीवर गेला, तो परत निघाला हे बायकोला कळतं. कॅलिफोर्नियात जंगलं पेटतात तेव्हा आग कुठल्या डोंगराकडे वळली हे लोक याच मार्गाने ऐकतात. पत्रकार ऐकतात. पोलीस कसे वागतात यावर नागरिकांचा कान राहतो. हे सगळं खरं आहे. पण या वायरच्या दुसऱ्या टोकाला काय होऊ शकतं, तेही सांगायला हवं.

१५ एप्रिल २०१३ रोजी बोस्टनच्या मॅरेथॉन शर्यतीत बॉम्बस्फोट झाले. तीन दिवसांनी संशयितांची छायाचित्रं प्रसिद्ध झाली आणि त्याच रात्री पोलिसांचा पाठलाग सुरू झाला. बोस्टन पोलिसांचा वायरलेस इंटरनेटवर होताच. जगभरातून प्रचंड संख्येने लोक तो ऐकत बसले, आणि ऐकता ऐकता लिहू लागले. कुठल्या घराची झडती चालू आहे तेही लिहू लागले. पोलिसांना जाहीर विनंती करावी लागली की, असं करून आमच्या माणसांचा जीव धोक्यात घालू नका.

मध्यरात्र उलटून गेल्यावर एक बातमी पसरली : पोलिसांच्या वायरलेसवर दोन संशयितांची नावं आली! आता ही नावं कशी तयार झाली ते पाहा. वायरलेसवर एका अधिकाऱ्याने एक आडनाव अक्षरं सुटी करून सांगितलं होतं आणि पहिल्या अक्षराबद्दल गोंधळ नको म्हणून 'एम, माइकमधला एम' असं म्हटलं होतं. ऐकणाऱ्यांनी 'माइक' हे त्या माणसाचं नावच करून टाकलं. 'ग गणपतीतला, गोडबोले' असं कुणी फोनवर सांगावं आणि दुसऱ्याने 'गणपत गोडबोले' लिहून घ्यावं, तसं! त्या माणसाचा स्फोटाशी काही संबंध नव्हता.

दुसरं नाव तर त्याहून विलक्षण. ते एका भारतीय वंशाच्या २२ वर्षांच्या विद्यार्थ्याचं होतं. हा मुलगा महिनाभरापूर्वी बेपत्ता झाला होता आणि घरचे त्याला शोधत होते. ते नाव वायरलेसवर आलं असं हजारोंनी सांगितलं. नंतर ध्वनिमुद्रणं तपासली गेली, तेव्हा त्यात ते नाव सापडलंच नाही. पण तोवर, मुलाचा ठावठिकाणा लागावा म्हणून कुटुंबाने उघडलेल्या फेसबुकच्या पानावर शिव्याशापांचा पाऊस पडला होता. ते पान त्यांना बंद करावं लागलं. सकाळी खरे संशयित कळले. ते दुसरेच होते, दोघे सख्खे भाऊ. आणि चार दिवसांनी त्या विद्यार्थ्याचा मृतदेह नदीत सापडला. स्फोटाच्या बऱ्याच आधी तो हे जग सोडून गेला होता. त्याचं नाव मी इथे घेत नाही. ते त्या रात्री गरजेपेक्षा फार जास्त वेळा घेतलं गेलं.

मराठीत 'हलक्या कानाचा' असा एक शब्दप्रयोग आहे. पूर्वी हलक्या कानाचा माणूस फार तर एखाद्या घरात भांडण लावायचा. आता त्याच्या हातात जगभर ओरडण्याचा कर्णा आहे. वायरलेसवरचं बोलणं म्हणजे तपासाचा कच्चा माल. त्यात शंका असतात, चुकीची माहिती असते, पाचच मिनिटांत खोडून काढलेली वर्णनं असतात. आत काम करणाऱ्याला ते ठाऊक असतं. बाहेरून ऐकणारा प्रत्येक वाक्याला निकाल समजतो.

कायद्याचं काय? देशोदेशी तो वेगळा आहे. अमेरिकेत पोलीस आणि अग्निशमन दलाचं उघडं, सांकेतिक न केलेलं बोलणं ऐकायला साधारणपणे मुभा आहे. ब्रिटनमध्ये २००६ च्या कायद्यानुसार, आपल्यासाठी नसलेले संदेश परवानगीवाचून मुद्दाम ऐकणं हाही गुन्हा ठरतो. आपल्याकडे पहिल्यापासून परवान्याची शिस्त. माझ्या लहानपणी घरच्या साध्या रेडिओलाही परवाना लागे आणि अब्बा पोस्टात जाऊन त्याचे पैसे भरत. १९८० च्या दशकात तो परवाना गेला. पण इतरांचे संदेश बेकायदा पकडण्यावरचा निर्बंध गेलेला नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तेव्हा हे ऐकून कुणी उत्साहाने आपल्या शहरातल्या पोलिसांचा वायरलेस इंटरनेटवर सोडायला जाऊ नये!

अमेरिकेतही आता दारं मिटू लागली आहेत. बरीच पोलीस दलं आपलं बोलणं सांकेतिक करतात, मग स्कॅनरला नुसती घरघर ऐकू येते. शिकागोने तसं केलं, पण ३० मिनिटांच्या उशिराने ते लोकांना ऐकू देण्याची सोय ठेवली. पत्रकारांना हा उशीर खुपतो. त्यांचं म्हणणं खोटं नाही. संकट चालू असताना अर्धा तास मोठा असतो. पण बोस्टनची ती रात्र आठवली की पोलिसांचीही बाजू समजते.

ज्यांना या छंदाची ओढ वाटते त्यांच्यासाठी कायदेशीर वाट आहे. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात इंटरनेटला जोडलेला एक रेडिओ आहे. शेकडो लोक एकाच वेळी आपापल्या घरून त्याची सुई हव्या त्या जागी लावून लघुलहरी ऐकू शकतात. आणि बोलायचंही असेल तर सरकारी परीक्षा देऊन हॅम रेडिओचा परवाना घेता येतो, वयाच्या बाराव्या वर्षापासून. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा अशा हौशी मंडळींचा एक चमू योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्येच होता. बाकीचा संपर्क तुटला असताना अंदमानातली खुशाली त्यांनी घरोघरी पोचवली. त्यांनी काय केलं? नाव नीट ऐकलं, पुन्हा विचारून खात्री केली आणि मगच पुढे सांगितलं.

माझा भाचाही एक नियम पाळतो. आगीच्या ठिकाणी कुणी दगावल्याचं वायरलेसवर आलं, तर तो ते कुणालाही सांगत नाही, कुठे लिहीतही नाही. मी विचारलं, तर म्हणाला, "मामू, ती बातमी आधी त्यांच्या घरच्यांची आहे."